तलवारधारी न्यायदेवता आणि जऊळक्याचा शेतसारा

कानपूरच्या हत्याकांडाची वार्ता विलायतेस पोहोचून तेथील लोकमत प्रक्षुब्ध झाले असता, लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात १२ सप्टेंबर १८५७ रोजी जॉन टेनिएल यांचे 'जस्टिस' हे व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. त्यात ब्रिटनची न्यायबुद्धी एका उग्र स्त्रीच्या रूपाने अवतरली आहे. हाती उपसलेली तलवार, पायांशी कोसळलेले शिपाई, पाठीशी गोरी पलटण. परंतु मुलाबाळांसह भेदरून बसलेल्या हिंदी स्त्रियाही चित्रकाराने एका बाजूस काढल्या आहेत, आणि माझी दृष्टी देवतेपेक्षा त्यांच्यावरच अधिक खिळते.

राष्ट्राला स्त्रीरूप देण्याची युक्ती सोयीची खरी. कारण देवता कोपली म्हटले की तोफा कोणी डागल्या आणि दारूगोळा कोणाच्या खात्यावर पडला, हे विचारण्याचे प्रयोजनच उरत नाही. तो जमाखर्च पाहावयाचा तर आमच्या वऱ्हाडात यावे. १८५३ च्या तहान्वये हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले, आणि वाशीमकडील जऊळक्यासारख्या गावांचा शेतसारा त्या फौजेच्या पोषणास लागला. तीच फौज १८५८ साली सर ह्यू रोज याच्यासमवेत झाशीवर चालून गेली. तेथे तलवार उपसून उभी ठाकलेली स्त्री कोणा चित्रकाराच्या कल्पनेतून उतरलेली नव्हती; ती तांब्यांची लेक व नेवाळकरांची सून होती, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ग्वाल्हेरनजीक रणात पडली. आपला सारा कोणावर खर्ची पडला याची गंधवार्ताही जऊळक्याच्या कुणब्यास नसावी.

पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनने वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले. आणि १९०७ साली खाडिलकरांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले तेव्हा प्रेक्षकांनी कीचकाच्या ठायी कर्झनला व सैरंध्रीच्या ठायी हिंदभूमीला बिनचूक ओळखले. 'पंच'च्या देवतेहून ही सैरंध्री मला सरस वाटते. ती नुसते शस्त्र मिरवीत नाही, आपल्या विटंबनेचा जाब ती स्वकीयांनाच विचारते. सरकारलाही ती झोंबली असावी, कारण १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. अर्थात त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ही सैरंध्रीही पुरुष नटच होत असे. आणि ब्रिटानियाच्या देशातील स्त्रियांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मताचा हक्क मिळाला तो १९१८ साली, तोही वयाची तिशी गाठलेल्यांनाच.