लेकरांचे रक्षण आणि तिसरे शील



दर पौर्णिमेला आपण विहारात पंचशील म्हणतो. तिसरे शील म्हणताना आपला आवाज जरा खाली जातो, असे माझ्या ध्यानात आले आहे. लेकरे शेजारी बसलेली असतात म्हणून संकोच वाटत असेल. त्याचा अर्थही आपण 'परस्त्रीकडे वाईट नजरेने न पाहणे' एवढाच सांगून मोकळे होतो. पण मज्झिम निकायातील सालेय्यक सुत्त पाहा. कामातील मिथ्याचार म्हणजे काय हे सांगताना तथागत आधी आईच्या, बापाच्या, भावाबहिणींच्या, नातलगांच्या रक्षणाखाली असलेल्यांचा उल्लेख करतात. विवाहितेचा उल्लेख मागून येतो. आईच्या राखणीतली म्हणजे बहुधा अजून लहान असलेलीच की नाही? मग हे शील आपण लेकरांपासून का लपवावे?

गेल्या महिन्यात आमच्या विहाराच्या महिला मंडळातील भगिनींबरोबर मी जिल्ह्याच्या गावी एका बालगृहात गेलो होतो. मंडळाने लाडूंचा डबा नेला होता, फोटो काढायची तयारीही होती. तेथील अधीक्षक बाईंनी लाडू ठेवून घेतले, पण मुले दाखविली नाहीत. "येथे मुले पाहायला यायचे नसते," असे त्या शांतपणे म्हणाल्या. आमच्या भगिनी नाराज झाल्या. मीही झालो, खोटे कशाला बोलू? मग बाईंनी आम्हाला बसवून समजावले. लेकरू एकदा धीर करून आईला सांगते. मग आजी विचारते, चुलता विचारतो, गल्लीतले पंच विचारतात. प्रत्येक वेळी त्याची जखम पुन्हा उघडी होते. म्हणून २०१२ च्या पोक्सो कायद्यात नियम घातले आहेत. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा, होता होईल तो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, आणि तेव्हा पोलिसाने गणवेश घालू नये. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये. त्याचे नाव वर्तमानपत्रात छापू नये. हा कायदा अठरा वर्षांखालील मुलगे आणि मुली दोघांसाठी आहे. मुलग्यांना काही होत नाही, ही आपली समजूत अगदी चुकीची आहे.

तेथेच बाल कल्याण समितीची माहिती मिळाली. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत एक तरी स्त्री. निराधार वा संकटातील बालक सापडले की चोवीस तासांच्या आत त्यांच्यापुढे न्यावे लागते. १०९८ हा फोन १९९६ साली मुंबईत सुरू झाला. आता तो शासनाकडे आहे, पैसे पडत नाहीत. हा आकडा प्रत्येक घरात तथागतांच्या तसबिरीखाली लिहून ठेवा.

आता खरी अडचण सांगतो. आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, "गुरुजी, आधीच लोक आपल्याकडे बोट दाखवतात. नुकती दीक्षा घेतली आहे. आपणच आपल्या वस्तीची, विहाराची बदनामी कशाला करायची?" हे म्हणणारी माणसे वाईट नाहीत. अपमान सोसलेल्या माणसाला नावाची फार भीती असते. पण महावग्गातील राहुलाची कथा आठवा. सात वर्षांच्या राहुलाला संघात घेतले, तेव्हा शुद्धोदनाला फार दुःख झाले आणि त्याने ते तथागतांना बोलून दाखविले. येथे कोणी मुलाला छळले नव्हते, गोष्ट वेगळी आहे. तरी तथागतांनी संघाचे नाव पुढे केले नाही. आईबापांच्या संमतीवाचून कोणाही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम त्यांनी केला.

परमपूज्य बाबासाहेबांनी जून १९३६ मध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांच्यापुढे भाषण केले. देवाच्या नावाने लेकी सोडणाऱ्या प्रथेतून बाहेर या, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. समाजाची अब्रू जाईल म्हणून ते थांबले नाहीत. देवाला मुलगी सोडण्याची चाल आपण दीक्षेबरोबर टाकली; मग घरातल्याच माणसाच्या हाती तिला सोडून गप्प बसायचे, हे कोणत्या धम्मात बसते?

परतताना एस.टी.त एका मावशींनी माझ्या कानाशी एक गोष्ट सांगितली. तपशील येथे लिहिणार नाही. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही मला सांगितलेत, आता मलाही कायद्याने गप्प राहता येत नाही." माहिती असून न कळविणाऱ्याला शिक्षा आहे, सद्‌भावनेने कळविणाऱ्यावर मात्र खटला होत नाही. मावशी रडल्या, मला बोलल्या, विश्वासघातकी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे ठाण्यात गेलो. वस्तीतील दोन घरांनी माझ्याशी बोलणे टाकले आहे. मावशीही पंधरा दिवस विहाराकडे फिरकल्या नाहीत.

परवाच्या वंदनेला त्या आल्या. लेकराला मांडीवर घेऊन मागच्या सतरंजीवर बसल्या होत्या.