मान आणि मानधन

श्रमाच्या मोबदल्याला मराठी भाषेत जितके शब्द आहेत तितके दुसऱ्या कशाला क्वचितच असतील. मजुराला मजुरी मिळते, कारकुनाला पगार, अधिकाऱ्याला वेतन, गवयाला बिदागी, भटजीला दक्षिणा. आणि ज्याला यांपैकी काहीच द्यावयाचे नसते त्याला मानधन. हा शेवटचा शब्द आम्हांस फार दिवसांपासून संशयास्पद वाटत आला आहे. मजुरी थकली तर मजूर दारात येऊन उभा राहतो आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. मानधन थकले तर मागावयाचे कसे? मागितले की त्यातील मान गेला, आणि न मागितले तर धन. अंगणवाडी सेविकांना मिळते ते वेतन नव्हे, मानधन होय, म्हणून त्यांना उपदान मिळू शकत नाही, असा युक्तिवाद आपल्या देशात खुद्द सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने तो एप्रिल २०२२ मध्ये फेटाळला आणि कष्टाच्या मोबदल्याचे नाव बदलल्याने त्याची जात बदलत नाही, हे एकदाचे ठरले. पण कायद्याने ठरलेली गोष्ट मनात ठरावयास वेळ लागतो.

आम्ही राहतो ते झिरकपूर चंडीगडला अगदी चिकटून आहे. येथून मोहालीचे हॉकीचे मैदान जवळ, चंडीगडच्या बेचाळीस सेक्टरातले त्याहून फारसे दूर नाही. भल्या पहाटे पाठीवर स्टिक बांधलेली मुले स्कूटरच्या मागच्या बाजूला बसून जाताना दिसतात. या मुलखात हॉकीविषयी बोलताना पुण्याचे नाव निघते ते मात्र एका अप्रिय प्रसंगामुळे, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला ते ऐकून घ्यावे लागते.

प्रसंग असा. २०१० च्या फेब्रुवारीअखेर दिल्लीत विश्वचषक स्पर्धा व्हावयाची होती. तिच्या तयारीचे शिबिर पुण्यास बालेवाडीच्या क्रीडानगरीत चालू होते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खेळाडूंनी सराव बंद केला. थकलेली रक्कम मिळाल्याखेरीज मैदानात उतरणार नाही, असे कर्णधार राजपाल सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले. हॉकी इंडिया ही संघटना तेव्हा जेमतेम एका वर्षाची. जुनी संघटना २००८ साली निलंबित झाल्यानंतर ती आली होती. तिजोरीत पैसा नाही, हे तिचे म्हणणे. मग पुरस्कर्त्याकडून आलेल्या पैशाचे काय झाले, हा खेळाडूंचा प्रश्न. प्रत्येकी पंचवीस हजार रुपये देऊ केले गेले, ते खेळाडूंनी नाकारले. कारवाईचे इशारे झाले. आणि मग ते वाक्य ऐकू आले, जे अशा वेळी हटकून ऐकू येते: देशासाठी खेळण्याचे पैसे मागता?

हे वाक्य आम्ही सहजासहजी उडवून लावू इच्छित नाही. त्याच्या मुळाशी एक खरी भावना आहे. काही कामे अशी असतातच की ज्यांचा भाव केला तर त्यांची कळा जाते. रणांगणावरील सैनिक, रुग्णाच्या उशाशी बसलेली परिचारिका, राष्ट्राच्या नावाचा सदरा घातलेला खेळाडू, यांच्या कृतीत पैशाने न मोजता येणारे काहीतरी असते आणि ते असावेच. परंतु त्यावरून निष्कर्ष कोणी, कोणासाठी काढावयाचा? आपल्याकडे निष्काम कर्माचा आधार अशा प्रसंगी फार सुलभपणे घेतला जातो. फलाशा सोडण्याचा उपदेश कर्त्याने स्वतःला करावयाचा असतो. ऋणकोने तो धनकोला करावयाचा नसतो. खेळाडूने उद्या आपण होऊन ‘मला काही नको’ म्हटले तर तो त्याचा मोठेपणा होईल. संघटनेने ‘तू काही मागू नयेस’ म्हटले तर ती केवळ बुडवणूक होय.

कारकुनी पेशामुळे आम्हांस प्रत्येक खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडला हे पाहण्याची सवय आहे. (ती घरीही सुटत नाही, अशी घरची तक्रार आहे.) त्या दृष्टीने पाहता येथे दोन खाती आहेत. खेळाडूला मान देतात ते लोक: टाळ्या वाजविणारे, नाव लक्षात ठेवणारे, मुलाच्या हाती स्टिक देणारे. खेळाडूचे धन देणे आहे ते संघटनेला. ‘तुम्हांला देशाचा मान मिळतो आहे, आणखी काय हवे?’ असे जेव्हा संघटना म्हणते तेव्हा ती आपले कर्ज लोकांच्या खात्यातून फेडीत असते. सरकारी कचेरीत असा प्रकार लेखापरीक्षेत एका दिवसात पकडला जाईल.

संपाचे साधन योग्य होते काय, हा प्रश्न निराळा आणि अवघड आहे. बर्फावरील हॉकीचे उदाहरण घेऊ. अमेरिका आणि कॅनडा येथील संघांच्या मालकांनी सप्टेंबर २००४ मध्ये खेळाडूंना टाळेबंदी केली. ती जुलै २००५ पर्यंत चालली, सबंध हंगाम बुडाला, आणि १९१९ च्या साथीनंतर प्रथमच स्टॅन्ली चषक कोणालाच मिळाला नाही. शेवटी खेळाडूंना वेतनात २४ टक्के कपात आणि प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर मर्यादा मान्य करावी लागली. तेथे दोन्ही पक्ष गबर होते. त्यांच्याविषयी करुणा वाटण्याचे कारण नाही. तथापि एक गोष्ट हेवा वाटण्यासारखी होती: मालक कोण आणि कामगार कोण, हे तेथे सर्वांना ठाऊक होते. देशाचे नाव कोणी मध्ये आणले नाही, आणि भांडण संपले ते करारावर सही होऊनच.

पुण्यात मालक कोण होता? खेळाडूंना महिन्याचा पगार देणारे खाते रेल्वेचे, पोलिसांचे नाही तर एखाद्या तेल कंपनीचे. संघटना केवळ निवड करणार. पगार देणारा एक आणि काम घेणारा दुसरा, अशा स्थितीत मागणीचा कागद कोणाच्या टेबलावर ठेवावयाचा? आम्हां केंद्रीय सेवकांना १९६४ च्या वर्तणूक नियमांतील सातवा नियम संप करू देत नाही, आणि आम्ही तो पाळतो. परंतु जुलै १९६० मध्ये आमच्याच पूर्वीच्या पिढीने संप केला होता. अध्यादेश निघाला, संप मोडला, पुष्कळांना त्याची किंमत मोजावी लागली. १९६६ साली आलेली संयुक्त सल्लागार यंत्रणा, म्हणजे बोलणी करण्याचे टेबल, त्यानंतरचे आहे. ज्याला टेबल मिळाले त्याला संप निषिद्ध म्हणणे शोभते. ज्याला ते कधी मिळालेच नाही त्याच्यापाशी विश्वचषकापूर्वीच्या सहा आठवड्यांखेरीज दुसरे काय होते? वेळ साधली, हा खेळाडूंवरील आक्षेप खरा आहे. पण एरवीच्या वेळी त्यांचे कोणी ऐकले असते काय?

खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या धनराज पिल्ले यांचा अनुभव याचे उत्तर देतो. डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर ते आणि आणखी सहा ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. अधिकृत कारण विश्रांतीचे होते. सामन्यांच्या थकलेल्या पैशांविषयी नाराजी बोलून दाखविल्याचा तो दंड होता, असे मात्र सर्वत्र मानले गेले. त्यांनी संप केला नव्हता, केवळ तोंड उघडले होते.

बालेवाडीचा तंटा काही दिवसांतच मिटला. ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष सुरेश कलमाडी मध्ये पडले, पुरस्कर्त्या सहारा उद्योगसमूहाने एक कोटी रुपये जाहीर केले, खेळाडू मैदानात परतले. दिल्लीत पहिल्या सामन्यात त्यांनी पाकिस्तानला ४-१ असे हरविले आणि अखेर आठवा क्रमांक मिळविला. सर्वांना हायसे वाटले. आम्हांस मात्र खरी हार त्या तडजोडीतच दिसते. मराठीत ‘देणे’ या एकाच शब्दाने कर्जही सांगता येते आणि दानही. खेळाडूंनी मागितले होते ते पहिल्या अर्थाने. त्यांना मिळाले दुसऱ्या अर्थाने. रक्कम आली, पण ती देणे कोणाचे कर्तव्य होते, हे ठरलेच नाही. त्याच दिवसांत महिला खेळाडूंनी तर मदतीसाठी बँकेत खाते उघडले. राष्ट्रीय संघाने वर्गणी गोळा करावी, ही गोष्ट आम्हांस संपापेक्षा कितीतरी अधिक लाजिरवाणी वाटते.

२०१२ साली खरोखरीचे संघमालक आले. जागतिक हॉकी मालिका निघाली, चंडीगडचा आणि पुण्याचाही संघ झाला, पुण्याचा संघ अंतिम सामन्यात शेरे-पंजाबकडून हरला. आता तरी हिशेब चोख होईल असे वाटले होते. पण मानधन थकल्याच्या तक्रारी तेथेही झाल्या आणि दुसरा हंगाम कधी भरलाच नाही.

आणि मानाचे तरी काय? तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी बलबीर सिंग सीनियर यांनी चंडीगडातच वृद्धापकाळ काढला. २०२० साली ते वारले. मेलबर्न ऑलिंपिकचा कोट, कितीतरी पदके आणि जुनी छायाचित्रे त्यांनी १९८५ साली नियोजित संग्रहालयासाठी सरकारी क्रीडासंस्थेकडे सोपविली होती. ती नाहीशी झाली, आणि त्यांच्या हयातीत परत मिळाली नाहीत. त्यांनी पैसे मागितले नव्हते.

झिरकपुरातील आमचे शेजारी हे सारे जाणून आहेत, तरीही मुलांना मैदानावर नेतात. प्रशिक्षकाला ते पदकांविषयी क्वचितच विचारतात. खेळाडूंची भरती यंदा रेल्वेत निघणार की पोलिसांत, आणि जागा किती, एवढे मात्र नक्की विचारतात.