तात्या विंचू आणि आमचं काउंटर

परवा रविवारी आमच्या चिरंजीवांनी टीव्हीवर 'झपाटलेला' लावला. १९९३ साली तो आला तेव्हा मी त्याच्याच वयाचा होतो. कोल्हापुरातल्या थेटरातून घरी आल्यावर आठ दिवस एकटा न्हाणीघरात गेलो नव्हतो. (आंघोळ टाळायला तेवढंच निमित्त, असं आईचं मत.)

तेव्हा न पडलेला प्रश्न मात्र परवा पडला. बी.कॉम. होऊन वीस वर्षं बँकेत काढली की असे प्रश्न पडतात. तात्या विंचू हा गुंड गोळी खातो आणि मरता मरता मंत्राच्या जोरावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. आमच्या भाषेत, खातं बंद, शिल्लक दुसऱ्या खात्यावर वर्ग. माणूस होता तोवर त्याची भीती वाटायची. आता तोच वीतभर पायांनी तुरुतुरु धावत जीव घ्यायला आला की अख्खं थेटर खो खो हसतं! मग पाप कुणाच्या नावे टाकायचं?

बाहुला रामदास पाध्यांचा. आवाज दिलीप प्रभावळकरांचा. दिग्दर्शन महेश कोठाऱ्यांचं आणि मूळ कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या इंग्रजी चित्रपटावरून आलेली. म्हणजे जो तो हात झटकून मोकळा. पाध्यांचा अर्धवटरावही तसाच. तो भल्याभल्यांना तोंडावर काहीबाही ऐकवतो आणि ते भलेभलेच आधी हसतात. तेच पाध्ये स्वतः बोलले असते तर?

मला हसू येईना, कारण मधेच एक आजी आठवल्या. करवीर तालुक्यातल्या कुठल्याशा गावच्या. म्हाताऱ्याला दवाखान्यात ठेवलेलं, म्हणून तीन हजार काढायला आल्या होत्या. हात थरथरत होता, सही जुळेना. मी मान वर न करता म्हटलं, "सिस्टीम घेत नाही हो."

खरं म्हणजे मी सिस्टीमला विचारलंच नव्हतं. दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेता आला असता. दहा मिनिटांचं काम. पण दोन वाजत आले होते आणि डबा उघडायचा होता. शब्दभ्रमकाराचे ओठ हलत नाहीत म्हणतात, माझी तर मानही हलली नव्हती.

आजी तशाच उभ्या. म्हणाल्या, "ती शिष्टीम काय म्हणत्या ते कळलं रं लेकरा. तू काय म्हणतोस?"

मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. तो गप्प. साक्षीदार शोधायला मी उठलो खरा, पण डबा खाऊन. तोवर त्या गेल्या होत्या.

चित्रपटात बाहुल्याच्या दोन भुवयांच्या मधोमध गोळी बसली की तात्या मरतो. तो प्रसंग आला तेव्हा चिरंजीव टाळ्या पिटत होते. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं कपाळावर हात धरून बसलो होतो.