राजीनाम्यातला ‘राजी’

आजोबा गेले त्या वर्षी वारसनोंदीची घाई सुरू झाली आणि बाबा-काकांनी ठरवलं, की आत्याकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. बहिणीने सही करायची, भावांनी साडीचोळी करायची, माहेर शाबूत राहतं, ही आमच्याकडची रीत. आत्या सकाळच्या एसटीने आली. तालुक्याच्या कोर्टासमोर वकिलांचं ऑफिस होतं, तिथे आम्ही सगळे जाऊन बसलो. मी तेव्हा कॉलेजात होतो, पिशवी सांभाळायला म्हणून मला नेलेलं. स्टॅम्पपेपर टाइप होऊन तयार होता. वकिलांनी तो हातात घेतला, पण आत्याच्या पुढे काही ठेवला नाही. बाबांना म्हणाले, “तुम्ही दोघे जरा बाहेर थांबा.”

मला कुणी ऊठ म्हटलं नाही, म्हणून पुढचं मी ऐकलं. “ताई, मी तुमच्या भावांचा वकील आहे, तुमचा नाही. तेव्हा सही करा की करू नका, हे मी सांगणार नाही, तुम्हीही मला विचारू नका. पण यात काय लिहिलंय ते तुम्हाला कळल्याशिवाय इथे सही होणार नाही.” मग त्यांनी कागद वाचायला घेतला. गट नंबर, क्षेत्र, विहिरीतला हिस्सा, बांधावरची झाडं, राहतं घर. प्रत्येक ओळीनंतर थांबत होते. शेवटी म्हणाले, “समोर कोर्टात विधी सेवा समिती आहे. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. आधी तिथे विचारून या. कागद कुठे पळून जात नाही.”

त्या दिवशी बाबांना वकिलांचा फार राग आला होता. आपण फी देऊन नेमलेला माणूस आपल्याच विरुद्ध बोलला, असं ते घरी येईपर्यंत म्हणत होते. मलाही ते पटलं होतं. ते चूक होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

ते चूक का होतं, हे एका जुन्या शब्दात दडलेलं आहे. ‘राजीनामा’ या शब्दाचा अर्थ आज आपल्याला एकच माहीत आहे, खुर्ची सोडल्याचा कागद. पण मराठेशाहीत गोतसभेपुढे, म्हणजे वतनदार आणि गावकऱ्यांच्या सभेपुढे, तंटा आला, की सुनावणीआधी वादी आणि प्रतिवादी दोघांकडून कागद लिहून घेत: तुम्ही जो निवाडा कराल तो आम्हाला मान्य. त्याला राजीनामा म्हणत. निवाडा झाल्यावर हरलेला पक्ष जिंकलेल्याला येजितखत लिहून देई, म्हणजे आपण हरलो हे स्वतःच्या नावाने कबूल करी. त्या सभांना सोन्याचं पाणी चढवायचं कारण नाही. तिथे जात आणि वतन बोलत असे, बाईचा शब्द क्वचितच ऐकला जाई. पण त्या कागदांमागची एक समज मला मोलाची वाटते: निवाडा कितीही शहाणपणाचा असो, त्याला दोघांची मान डोलल्याशिवाय तंटा मिटत नाही, नुसता दबतो. दबलेला तंटा पुढच्या पिढीत बांधावर पुन्हा उगवतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणत आलो. ही म्हण कोण कुणाला ऐकवतो, हे एकदा नीट पाहायला हवं. ज्याच्या ताब्यात जमीन आहे तो ऐकवतो, ज्याला हिस्सा मिळालेला नाही त्याला. कोर्टाबाहेर मिटवण्याचं शहाणपण मी मनापासून मानतो. वाटपाच्या दाव्यात तारखांना हेलपाटे घालताना माणसं म्हातारी झालेली पाहिली आहेत, वकीलपत्रावर बापाच्या जागी मुलाची सही आलेली पाहिली आहे. पण ते शहाणपण फक्त दुबळ्याकडूनच मागितलं जात असेल, तर त्याला तडजोड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तडजोड दोन्ही बाजूंकडून मागणारा एक वकील मला आठवतो. गांधीजींना पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनवर गाडीतून उतरवलं, ही १८९३ मधली गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. ते कुठल्या खटल्यासाठी निघाले होते, हे सहसा कुणी विचारत नाही. डर्बनचे व्यापारी दादा अब्दुल्ला यांचा दावा होता प्रिटोरियाच्या तय्यब शेठांवर. दोघे नातलग, दोघे पोरबंदरचे. रक्कम ४० हजार पौंडांची. गांधीजींनी त्यासाठी जमाखर्चाचं पुस्तक आणून हिशेबाचं शास्त्र शिकून घेतलं, वह्या तपासल्या आणि त्यांची खात्री पटली, की आपल्या अशिलाची बाजू भक्कम आहे. इथवर कुठलाही मेहनती वकील आला असता. पण त्यांना हेही दिसलं, की दावा असाच चालला तर जिंकणारा आणि हरणारा दोघेही धुळीला मिळतील. ते तय्यब शेठांना भेटले, दोन्ही बाजूंना लवादाला राजी केलं. लवादापुढे दादा अब्दुल्ला जिंकले. सुमारे ३७ हजार पौंड आणि वर खर्च.

मला मोठं वाटतं ते यानंतरचं. एवढी रक्कम एका दमात भरणं तय्यब शेठांना शक्य नव्हतं, आणि पोरबंदरच्या मेमन व्यापाऱ्यांत दिवाळखोरीपेक्षा मरण बरं मानत. तेव्हा गांधीजी स्वतःच्याच अशिलाकडे गेले, नुकत्याच जिंकलेल्या माणसाकडे, आणि दीर्घ मुदतीचे हप्ते मान्य करायला त्याचं मन वळवू लागले. लवादाला दोघांना तयार करणं सोपं गेलं, त्याहून हे जड गेलं, असं त्यांनी आत्मकथेत नोंदवलं आहे. हरलेल्याच्या वतीने स्वतःच्या अशिलापुढे शब्द टाकणारा वकील! वीस वर्षांच्या वकिलीतला बराच वेळ शेकडो खटले आपसांत मिटवण्यात गेला आणि त्यात आपलं काही गमावलं नाही, पैसाही नाही, असंही ते सांगतात.

वकिलाच्या सचोटीची परीक्षा मला इथे दिसते. विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला घाम फोडणं हे कसब आहे आणि ते लागतंच. पण स्वतःच्या अशिलाला, ज्याच्या खिशातून फी येते त्याला, “तुमची बाजू लंगडी आहे” किंवा “तुम्ही जिंकाल, पण ताणू नका” असं तोंडावर सांगणं याला वेगळी छाती लागते.

आज तंटे आपसांत मिटवण्याच्या कामासाठी कायद्याने दारं करून ठेवली आहेत. गुजरातेत तेव्हाच्या जुनागढ जिल्ह्यातल्या ऊना इथे १९८२ साली लोकअदालत भरली, पुढे १९८७ च्या कायद्याने तिला बळ दिलं. तिथे झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याची किंमत असते, त्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत मिळते. आपल्याकडे २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली. २०२३ मध्ये सलोखा योजना आली: एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं बारा वर्षं चाललं असेल तर नाममात्र शुल्कात अदलाबदल करून घ्या. त्याच वर्षी मध्यस्थीचा कायदाही झाला. मध्यस्थापुढे बोललेलं गुपित राहतं, कोर्टात पुरावा म्हणून उगाळता येत नाही. माणूस मनातलं बोलायला धजावतो तो यामुळेच.

काळजी वाटते ती आकड्यांची. लोकअदालतीच्या दिवशी किती प्रकरणं निकाली निघाली याच्या बातम्या येतात, आणि पुरसीसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, झटपट सह्या घेण्याकडे हात वळतात. लोकअदालतीला स्वतः निवाडा करण्याचा अधिकार नाही, ती फक्त दोघांत जमलेली तडजोड नोंदवू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच बजावलं आहे. अपघातात नवरा गमावलेली बाई विमा कंपनीच्या पहिल्याच आकड्याला हो म्हणते, कारण घरभाडं थकलेलं असतं. तिचा वकील तेव्हा शेजारी उभा राहून काय सांगतो, यावर तिच्या पोरांची पुढची दहा वर्षं अवलंबून असतात. आणि काही ठिकाणी तर मिटवामिटवीचा शब्दही काढू नये. बलात्काराच्या गुन्ह्यात कायदा तडजोड मानत नाही, तरी गावची वडीलधारी मंडळी मुलीच्या बापाला ओसरीवर बसवून “झालं गेलं” सांगायला येतातच. तिथे भांडणारा वकीलच हवा, शेवटच्या तारखेपर्यंत.

आत्या त्या दिवशी समोरच्या कोर्टात गेली. एकटीच गेली, मला बरोबर घेतलं नाही. तासाभराने परत आली आणि उभ्यानेच म्हणाली, “दादा, घराचं लिहून देते. मळ्याचं नाही.” काकांनी काही बोलायला तोंड उघडलं, तर वकील म्हणाले, “कागद नव्याने करावा लागेल. पुढच्या आठवड्यात या.” त्याची वेगळी फी त्यांनी घेतली नाही.

त्या दिवाळीत बाबा भाऊबीजेला गेले नाहीत. आईने खूप सांगून पाहिलं. पुढच्या वर्षी सुगी झाल्यावर मात्र त्यांनी न बोलता टेम्पो सांगितला, मळ्यातल्या ज्वारीची पोती मोजून चढवली आणि मला बरोबर घेतलं. आत्याच्या दारात पोती उतरवताना मी पाहिलं, प्रत्येक पोत्यावर खडूने तिचं नाव लिहिलेलं होतं, माहेरच्या आडनावासकट. अक्षर बाबांचं होतं.