माळकऱ्याची भूतदया

कार्तिकी वारीच्या वाटेवर एका मुक्कामी कीर्तन आटोपल्यावर एक माळकरी गृहस्थ आमच्यापाशी आले. घरचे ऊसकरी. म्हणाले, "बुवा, माळ घातली तेव्हाच मांस सोडले. भूतदयेचे आमचे देणे फिटले की नाही?" त्या दिवशी वाटेत उसाने लादलेल्या बैलगाड्या आम्ही सर्वांनीच पाहिल्या होत्या. प्रश्न साधाच, पण आमची जीभ अडखळली.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात घातकांची गणना केली आहे. मारणारा, विकणारा, शिजवणारा, खाणारा हे तर आलेच. परंतु त्यांत पहिला येतो तो अनुमंता, म्हणजे संमती देणारा. ते प्रकरण मांसाचे, हे खरे. तथापि संमतीचा दोष मांसापाशीच थांबतो, असे आम्हांस वाटत नाही.

याला कारण १९७४ ची आषाढी वारी. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे. दिंडीचे सामान बैलगाडीत, आणि वळकट्यांवर आम्ही टाळ कुटीत बसलेलो. दिवे घाटाच्या पायथ्याशी चाक चिखलात रुतले. गाडीवानाने पराणीची आर टोचली, बैलाच्या पुठ्ठ्यातून रक्त आले. आमचे नामस्मरण चालूच! विणेकरीबुवांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली, चाकाला खांदा लावला आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "बाळ, नाम तू घेतोस, वजन तो वाहतो. खाली उतर."

आता कोणी म्हणेल, बैलाने काम करूच नये काय? तसे नव्हे. आपण अर्धपोटी राहून बैलापुढे वैरण टाकणारा, पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे मळणारा शेतकरी आम्ही पाहिला आहे. त्याला दया शिकवणारे आम्ही कोण? क्रौर्य शिरते ते घाईतून आणि लोभातून. १९६० साली प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा झाला, १९६५ साली ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक जुंपू नये, सलग पाच तासांवर नेऊ नये, टोकदार काठी वापरू नये. नियम चांगले. पण ज्या गाडीवानाने मुकादमाकडून उचल घेतली आहे, ज्याची मजुरी टनावर, तो घड्याळ पाहील की गाडी भरील? तोही जुंपलेलाच. त्याला एकट्याला पापी ठरवून आपण मोकळे होतो, आणि साखरफुटाण्यांचा प्रसाद घेऊन घरी जातो.

म्हणून त्या गृहस्थांना आम्ही म्हटले, "तुमच्या फडातून गाडी निघताना बैलाचा खांदा आला आहे का, ते बघा. आला असेल तर त्याला त्या दिवशी जुवाखाली घालू देऊ नका. चार मोळ्या कमी भरायला लावा, आणि तेवढी मजुरी तुमच्या कनवटीची द्या. नाहीतर त्याची भरपाई उद्या बैलच करील."

गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दर साल गाड्या येतात, बुवा. खांदा कधी बघितला नाही."

खरे सांगायचे तर त्या दिवशी वाटेत आम्हीही बघितला नव्हता. गाड्यांना वाट देऊन भजन म्हणत पुढे आलो होतो.