फलाटावरचा धर्म

ऑगस्ट 2022 मध्ये मुंबईत काही साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आल्या, तेव्हा कळव्याचे, बदलापूरचे प्रवासी आंदोलनात उतरले. आमच्या भजनी मंडळातले एक अण्णा म्हणाले, "माउली, गाडीचाही मोह धरायचा काय?" मला ते पटलं नाही. धुणीभांडी करणारी बाई साध्या पासावर कामाला जाते. एसीचं भाडं तिला झेपत नाही. गाडी तिच्यासमोरून निघून जाते, ती फलाटावरच राहते. (मागच्या गाडीत दारातही जागा नसते.) अशा वेळी वैराग्य सांगणं सोपं, कारण खाडा तिचा होतो. तिच्यासाठी ओरडणं हीच मला उपासना वाटते. आंदोलनानंतर, 25 ऑगस्टपासून, मध्य रेल्वेवर दहा एसी फेऱ्या पुन्हा साध्या झाल्या.