पुन्हा पुन्हा

कोरेगाव भीमा येथे कीर्तन झाले, आरती झाली, बुक्का लावून मंडळी उठली. एक माउली मात्र खांबाला टेकून बसूनच राहिली. म्हणाली, "महाराज, लेकाला तिसऱ्यांदा येरवड्याला ठेवला. बरा होऊन येतो नि पुन्हा जातो. हे कुठल्या जन्माचं पाप?"

पूर्वपक्ष असा की, हे प्रारब्धच. प्रारब्ध आम्हीही मानतो. पण दुसऱ्याचे प्रारब्ध वाचण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? मधुमेहाचा रोगी दोनदा दवाखान्यात गेला तर त्याचा पूर्वजन्म कोणी काढीत नाही. मग मनाच्या रोग्यासच हा न्याय का?

खोदून विचारले. गोळ्या चालू होत्या तोवर मुलगा शेतात राबत होता. बरे वाटले, गोळ्या सुटल्या, झोप गेली, बडबड सुरू झाली. कोणी सोडविल्या? माउली खाली पाहून म्हणाली, "माळ घातली तवा तुम्हीच म्हणला हुता, आता नाम हेच औषध."

शब्द आठवेनात, पण ते आमचेच असणार. भवरोगाचा दृष्टांत आम्ही कितीदा दिला असेल! कोणी घरी जाऊन तो विधी म्हणून पाळील, हे कधी मनात आले नाही. नामाचा महिमा यत्किंचितही कमी नाही. पण एकादशीला साखरेची गोळी कोणता वारकरी टाकतो?

दुसरे कारण घरातले. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या संशोधकांनी १९५० नंतरच्या दशकात पाहिले की, इस्पितळातून सुटलेला रोगी कोणाच्या घरी जातो यावर त्याचे परत येणे पुष्कळसे अवलंबून असते. जेथे सदा टोचून बोलणे, तेथून तो लवकर परततो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो की, घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कोणास रुग्णालयात ठेवून घेऊ नये. पण घरी नेलेल्यास घरपण देणे कायद्याच्या हाती थोडेच आहे?

आपण दर आषाढीला निघतो, "गेल्या साली जाऊन आलात, आता पुन्हा कशाला?" असे कोणी विचारीत नाही. दवाखान्याची वारी गोड नव्हे, म्हणून उपमा येथेच सोडतो. मात्र येरवड्यावरून येणारी मुळा-मुठा कोरेगावच्या खाली भीमेलाच मिळते, आणि तीच पुढे पंढरीस चंद्रभागा होते.

भेटीच्या दिवशी माउलीबरोबर आम्हीही येरवड्यास गेलो. मुलाने ओळखले, पाया पडला. आमची चूक आम्ही त्याच्यापुढे बोलून दाखविली. तो हसला. म्हणाला, "गोळी घीन मी. पण आयनं सारखं 'घेतली का, घेतली का' करू नये. येडा म्हणल्यावानी वाटतं." माउली काही बोलली नाही. डॉक्टरांस विचारून असे ठरले की, घरी आल्यावर रात्रीचा हरिपाठ झाला की गोळी त्याने आपल्या हाताने घ्यायची, आणि आईने तेव्हा टाळ आवरून ठेवायचे.